कोळशाचा हिशेब आणि उद्याची गाडी

चक्रवाढ व्याज म्हणजे काय, हे खेड्यातल्या माणसाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. शेकडा साडेतीन हा दर ऐकायला किती थोडा! पण व्याजावर व्याज चढत गेले की वीस वर्षांत रक्कम दुप्पट होते आणि शंभर वर्षांत एकतीसपट. हाच हिशेब १८६५ साली एका तरुण इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाला लावला आणि इंग्लंडातील मोठमोठी माणसे चिंतेत पडली. वाहतुकीला उद्या पेट्रोल किती लागेल, वीज किती लागेल, याचे आकडे आज आपण वर्तमानपत्रांत वाचतो. ते कसे वाचावेत, हे या जुन्या गोष्टीवरून चांगले कळते.

या अर्थशास्त्रज्ञाचे नाव विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स. तो १८३५ साली लिव्हरपूल शहरी जन्मला. त्याच्या जन्माआधी पाचच वर्षे, १८३० साली, लिव्हरपूल ते मँचेस्टर ही आगगाडी सुरू झाली होती. वडिलांचा लोखंडाचा व्यापार. रेल्वेच्या तेजीत अनेकांचे भले झाले, पण तेजीमागून मंदी आली आणि १८४८ साली त्यांची पेढी बुडाली. आगगाडी माणसाला कुठे नेते आणि कुठे आणून सोडते, हे या मुलाने घरातच पाहिले होते.

इंग्लंडच्या साऱ्या वैभवाचा पाया कोळसा. गिरणी त्यावर चाले, लोखंड त्यावर वितळे, आगगाडी आणि आगबोट त्यावर धावे. जेव्हन्सने आकडे जमवले. १८६१ साली ब्रिटनच्या खाणींतून ८ कोटी ३६ लाख टन कोळसा निघाला होता आणि दर साल सुमारे साडेतीन टक्के वाढ चालू होती. हीच चाल राहिली तर १९६१ साली किती लागेल? उत्तर आले, २६० कोटी टन! आपल्या ‘द कोल क्वेश्चन’ या ग्रंथात त्याने हा आकडा मांडला. त्याची चर्चा थेट पार्लमेंटात झाली. जॉन स्टुअर्ट मिल यांनी ग्रंथाचा दाखला दिला, अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनीही त्याची दखल घेतली आणि १८६६ साली कोळशाच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले गेले.

आता पुढे काय झाले ते पाहा. ब्रिटनच्या कोळशाचे उत्पादन १९१३ साली २८ कोटी ७० लाख टनांवर पोचले आणि तेथून ते उतरणीला लागले. १९६१ साल उजाडले तेव्हा ते १९ कोटी टनांच्या आसपास होते. कुठे २६० आणि कुठे १९!

म्हणून कोणी म्हणेल, जेव्हन्सचे भाकीत साफ खोटे ठरले. पण थोडे थांबा. एवढा कोळसा खरोखर जळेल असे त्याने म्हटलेच नव्हते. खाणी खोल जातील, कोळसा महाग होईल आणि म्हणूनच ही वाढ अशी चालू राहणे शक्य नाही, हे त्याचे सांगणे होते. वाढ थांबली, हे त्याचे खरे झाले. चूक झाली ती कारणात. कोळसा महागल्यामुळे देशाची भरभराट थांबेल असे त्याला वाटले. प्रत्यक्षात निम्मे काम दुसऱ्याच इंधनाने हिरावून घेतले. खनिज तेल त्याला ठाऊक नव्हते असे नाही. त्याने त्याचा विचार केला आणि साठा फार थोडा, भरवशाचा नाही, म्हणून ते बाजूला ठेवले. १८८२ साली समुद्रात पोहताना तो बुडून वारला. त्यानंतर चारच वर्षांनी जर्मनीत कार्ल बेन्झने मोटारगाडीचे पेटंट घेतले. पुढे डिझेलचे इंजिन आले आणि १९१४ च्या महायुद्धाआधीच ब्रिटिश आरमार कोळशाकडून तेलाकडे वळू लागले.

टंचाईची धास्ती मात्र त्याच्या स्वभावातच होती. केन्स या अर्थशास्त्रज्ञाने नमूद केले आहे की, जेव्हन्सने कागदाचा एवढा साठा करून ठेवला होता, की मृत्यूनंतर पन्नास वर्षांनीही त्याच्या मुलांना तो पुरून उरला होता.

त्याच ग्रंथातील दुसरी एक गोष्ट मात्र आजही खणखणीत आहे. तेव्हा लोक म्हणत, इंजिने सुधारली की कोळसा कमी लागेल, मग चिंता कसली? जेव्हन्स म्हणाला, उलट होईल. वॉटच्या इंजिनाने तेवढ्याच कामाला पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी कोळसा घेतला. पण म्हणूनच वाफेची शक्ती स्वस्त झाली, जागोजागी इंजिने बसली आणि एकूण कोळसा जास्तच जळू लागला. आपल्या गावचेच बघा ना. एका लिटरमध्ये पूर्वीपेक्षा जास्त पळणारी फटफटी दारात आली, तर आठवड्याच्या बाजाराला जाणारा माणूस रोज तालुक्याला जाऊ लागतो. दर वेळी सगळीच बचत अशी खर्ची पडते असे नाही. ज्याचे फिरणे आधीच पोटभर झाले आहे, तो आणखी किती फिरणार? पण ज्याला आजवर परवडतच नव्हते, तो निघतो. आणि आपल्या देशात अशी माणसे पुष्कळ आहेत.

आता आपल्या रेल्वेकडे वळू. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली. मुंबईकडच्या गाड्यांना लागणारा पुष्कळसा कोळसा त्या काळी विलायतेहून जहाजाने येई. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत घाट चढून वीज पुण्यापर्यंत आणि इगतपुरीपर्यंत पोचली. १९९० नंतरच्या दहा वर्षांत रुंद मार्गावरची वाफेची इंजिने निवृत्त झाली. आज या मार्गांपैकी बहुतेक सर्व विजेवर आहेत. मग कोळसा गेला का? नाही. आपली बरीचशी वीज अजून कोळशापासूनच होते आणि तो कोळसा वाहणे हेच रेल्वेच्या मालवाहतुकीतील सर्वांत मोठे काम आहे. इंजिनाच्या भट्टीतला कोळसा वीजकेंद्राच्या भट्टीत गेला, इतकेच. नुसते इंजिन मोजणाऱ्याला हे दिसणार नाही.

तेलाचेही तसेच. ऑक्टोबर १९७३ नंतर थोड्याच महिन्यांत जगात तेलाची किंमत चौपट झाली आणि स्वस्त तेल गृहीत धरून केलेले अंदाज रद्दीत गेले. आपल्याकडे १९७४ साली इंधन धोरण समितीचा अहवाल आला, त्यात तेलाऐवजी कोळशावर भर होता. आजही आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक बाहेरून येते. अंदाज चुकला तर त्याची किंमत कोणी चुकवायची? भाडे वाढले की एस.टी.ने शाळेला जाणारी मुलगी घरी बसते, टेम्पोने भाजी पाठवणाऱ्याचा नफा डिझेलमध्ये जातो. म्हणून हा विषय तज्ज्ञांवर सोडून चालत नाही.

तेव्हा असा आकडा दिसला की तीन प्रश्न विचारावेत. मागच्या किती वर्षांची चाल पुढे ओढली आहे? इंधनाचा भाव आणि नवी साधने यांबद्दल काय धरून चालले आहेत? आणि प्रवास स्वस्त झाला तर आज घरी बसलेले कोण बाहेर पडेल? ही उत्तरे सोबत नसतील, तर तो आकडा कितीही मोठा असला तरी त्यावर विसंबू नये.

शिक्षक मंडळींना एक सुचवावेसे वाटते. सातवी-आठवीच्या मुलांना गावच्या फाट्यावर एक दिवस बसवा. बैलगाड्या, सायकली, फटफट्या, रिक्षा, एस.टी., ट्रक, सारे मोजू द्या. पंचवीस वर्षांपूर्वी काय होते, ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारू द्या. मग पंचवीस वर्षांनंतरचा अंदाज प्रत्येकाने लिहावा, आणि आपण काय गृहीत धरले तेही शेजारी लिहावे. ती वही शाळेच्या कपाटात जपून ठेवा. पुढच्या पिढीला ती उपयोगी पडेल.