जुन्या ओम्नीसाठी अस्सल स्पेअर पार्ट कसे शोधाल?

मारुतीची ही व्हॅन १९८४ मध्ये आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं. तरी भाजीवाल्यांपासून केटरर्सपर्यंत अनेकांचं पोट आजही ओम्नीवर चालतं. तिचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन मारुती ८०० मध्येही होतं, त्यामुळे पार्ट मिळतात. खरी अडचण आहे ती योग्य आणि अस्सल पार्ट ओळखण्याची. यात तुमचा फोन बरीच मदत करू शकतो.

१. आधी गाडीची ओळख पटवा

"ओम्नीचा पार्ट द्या" एवढं सांगून भागत नाही. जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर, नंतरच्यांत एमपीएफआय, काहींत एलपीजी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये आरसी उघडा. चासी नंबर, इंजिन नंबर, उत्पादनाचा महिना-वर्ष आणि इंधन नोट करून ठेवा. अनोळखी विक्रेत्याला पूर्ण आरसीचा फोटो पाठवू नका, चासी नंबर पुरतो. आणि "इकोचाच बसेल" असं कोणी म्हणालं तर सावध व्हा. इकोचं इंजिन वेगळं आणि मोठं आहे.

२. नावाने नको, नंबरने शोधा

सुझुकीच्या पार्ट नंबरमधले पहिले पाच अंक साधारणपणे पार्टचा प्रकार सांगतात. उदाहरणार्थ, १६५१० म्हणजे ऑइल फिल्टर. पुढची अक्षरं-अंक कोणत्या मॉडेलचा, ते ठरवतात. जुना पार्ट पुसून त्याचा फोटो काढा, गूगल लेन्सने नंबर कॉपी करा आणि सर्च करा. कधीकधी जुना नंबर बंद होऊन त्याच पार्टला नवा नंबर मिळालेला असतो, अगदी ॲपच्या अपडेटसारखा. हे मारुतीच्या अधिकृत पार्ट काउंटरवर चासी नंबर देऊन पक्कं करता येतं.

३. अस्सल, आफ्टरमार्केट आणि डुप्लिकेट

- अस्सल: मारुती सुझुकीच्या पॅकिंगमधला.
- आफ्टरमार्केट: बॉश, लुमॅक्स अशा कंपन्यांचा, त्यांच्याच नावाने विकलेला. हा चांगला पर्याय ठरू शकतो.
- डुप्लिकेट: दुसऱ्याचं नाव छापलेला. पुसट छपाई, स्पेलिंगमधली चूक, एमआरपी नसणं आणि फारच कमी किंमत ही त्याची लक्षणं.

डुप्लिकेट डोअर हँडल तुटलं तर वैताग होतो. डुप्लिकेट ब्रेक लायनिंगने मात्र घाटात जीव जाऊ शकतो.

४. सेकंडहँड काय चालतं?

मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड जुन्या पार्टसाठी प्रसिद्ध आहे. दरवाजा, काच, बंपर, सीट, आरसा तिथून बिनधास्त घ्या. ब्रेक, स्टिअरिंगचे जॉइंट, टायमिंग बेल्ट आणि पेट्रोलचे रबरी पाइप मात्र नवेच घ्या. रबर न वापरताही कडक होतं. टायरवरचा चार अंकी कोडही बघा: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा.

५. पैसे देण्याआधी

पार्ट नंबर लिहिलेलं जीएसटी बिल मागा. ऑनलाइन मागवलं तर रिटर्न पॉलिसी वाचा आणि बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ काढा. मेकॅनिकने पार्ट बदलला तर जुना पार्ट परत मागा, तो तुमचाच आहे. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार करा.

गाडीची माहिती, पार्ट नंबर आणि बिलांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवा. पुढच्या वेळी शोधाशोध निम्म्यावर येईल.