मंदीत कामाची हमी : जालना जिल्ह्यातील मजुरांनी काय जाणून घ्यावे

जालना जिल्ह्यात बेकारी दोन वाटांनी येते. एक पावसाची आणि दुसरी बाजाराची. पाऊस गेला की कापूस, सोयाबीन आणि मोसंबीच्या शेतात राबणाऱ्या मजुराच्या हाताला काम राहत नाही. बाजार पडला की जालना शहरातल्या लोखंडी सळ्यांच्या कारखान्यांची भट्टी थंडावते आणि सर्वांत आधी ठेकेदाराकडच्या कामगाराला घरी पाठवले जाते. दोन्ही वेळा पहिला मार बसतो तो भूमिहीनांना. आपल्या वस्त्यांतली बौद्ध, मातंग आणि भटक्या-विमुक्त समाजाची अनेक कुटुंबे याच वर्गातली आहेत. म्हणून मंदीच्या काळातले कल्याणकारी धोरण आपल्या तरुण कार्यकर्त्यांना नीट माहीत असले पाहिजे.

बेकारी लांबते कशी?

महिना-दोन महिने काम नसणे आणि वर्षानुवर्षे बेकार राहणे यांत फरक आहे. पहिल्याचे दुसऱ्यात रूपांतर टप्प्याटप्प्याने होते. आधी काम सुटते. मग किराणा दुकानातली उधारी वाढते. शेळी विकली जाते, अंगावरचा दागिना गहाण पडतो. शेवटी मुकादमाकडून उचल घ्यावी लागते आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास सगळे कुटुंब ऊसतोडीला निघते. मुलांची शाळा सुटते. उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामातही त्याच मुकादमाकडे कोयता धरावा लागतो.

शेळी विकल्यानंतर पोहोचते ती मदत असते. शेळी विकण्याआधी पोहोचते ते धोरण. दीर्घकाळची बेकारी रोखायची असेल तर काम वेळेवर मिळणे हीच मुख्य गोष्ट आहे.

बुद्ध आणि बाबासाहेब काय सांगतात?

दीघ निकायातील कूटदंत सुत्तात राज्यात चोऱ्या-लुटालूट वाढल्यावर पुरोहित राजाला शिक्षा वाढवायला सांगत नाही. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन द्यावे, असा त्याचा सल्ला आहे. चक्कवत्तिसीहनाद सुत्तात तर निर्धनांना धन न दिल्यामुळे दारिद्र्य वाढते आणि त्यातून गुन्हेगारी वाढते, असा क्रम स्पष्ट मांडला आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी बेकार माणसाच्या दृष्टीने मूलभूत हक्कांना काय किंमत उरते, हा प्रश्न उभा केला. राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये कामाचा हक्क आणि बेकारीच्या काळात सरकारी साहाय्य यांचा उल्लेख आहे. पण तो राज्याच्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत आहे आणि मार्गदर्शक तत्त्वांत आहे. त्याच्या आधारे थेट न्यायालयात जाता येत नाही. त्यासाठी वेगळा कायदा लागतो.

१९७२ चा दुष्काळ आणि महाराष्ट्राचा कायदा

असा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात १९६५ साली या कल्पनेचा प्रयोग केला होता. १९७२ मध्ये योजना राज्यासाठी जाहीर झाली आणि त्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. मराठवाड्यातली जुनी माणसे आजही खडी फोडल्याची, पाझर तलाव खोदल्याची आणि सुकडी खाल्ल्याची आठवण सांगतात. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख मजूर होते.

१९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. ग्रामीण भागातल्या काम मागणाऱ्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला अंगमेहनतीचे काम देणे ही सरकारची जबाबदारी ठरली. पैसा शहरांतून आला. १९७५ पासून नोकरदारांच्या पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर याच कामासाठी बसवला होता. तेवढीच भर राज्य सरकारने घालायची होती. शहरातला पगारदार आणि गावातला मजूर यांना जोडणारी ही सोय होती.

२००५ चा केंद्रीय कायदा

महाराष्ट्राचा अनुभव समोर ठेवून २००५ साली राष्ट्रीय कायदा झाला आणि २००८ पासून तो देशातल्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत पोहोचला. एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची हमी मिळाली. महाराष्ट्रात त्यापुढच्या दिवसांचा भार राज्याने उचलायचा होता. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, गावे टँकरवर आली. अशा वेळी ज्याच्याकडे बाग नाही, त्याला बागेची नुकसानभरपाई मिळत नाही. त्याचा आधार मजुरीच.

या कायद्याची खरी ताकद मागणीप्रमाणे वाढणाऱ्या निधीत होती. २०२०-२१ मध्ये करोनाच्या टाळेबंदीने अर्थव्यवस्था आकसली. तेव्हा केंद्राला आधीच्या ६१,५०० कोटी रुपयांच्या तरतुदीत आणखी ४०,००० कोटींची भर घालावी लागली. त्या वर्षी देशात सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झाले. त्याआधीच्या वर्षी ते सुमारे २६५ कोटी होते.

हमीबाहेर राहिलेले

८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली ठार झाले. ते मध्य प्रदेशातले होते आणि जालन्यातल्या लोखंड कारखान्यात कामाला होते. काम थांबले होते. घरी जायला गाडी मिळेल या आशेने ते रुळांच्या कडेने चालत निघाले आणि थकून रुळांवरच झोपले.

ग्रामीण रोजगार हमी त्यांच्यासाठी नव्हती, कारण ते शहरी कारखान्यातले कामगार होते. राज्य विमा योजनेत नाव असलेल्या कामगाराला नोकरी गेल्यावर ९० दिवसांपर्यंत सरासरी मजुरीचा ठरावीक हिस्सा मिळण्याची सोय २०१८ पासून होती. टाळेबंदीनंतर हा हिस्सा २५ वरून ५० टक्के झाला. पण ठेकेदाराने नावच नोंदवले नसेल तर ही सोय कागदावरच राहते. शहरी मजुरांसाठी हमी देता येते, हे इतर राज्यांनी दाखवले आहे. केरळने महात्मा अय्यंकाली यांच्या नावाने अशी योजना सुरू केली, राजस्थानने २०२२ मध्ये. जालन्यासारख्या औद्योगिक शहरासाठी अशी मागणी आपण का करू नये?

२०२५ चा बदल

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस १२५ केले आहेत. मात्र महाराष्ट्रासारख्या राज्यांना ४० टक्के खर्च उचलावा लागणार आहे. राज्याला किती निधी द्यायचा हे केंद्र आधी ठरवेल आणि त्यावरचा खर्च राज्याचा असेल. शेतीच्या ऐन हंगामात ६० दिवसांपर्यंत कामे थांबवण्याची तरतूदही आहे. दिवस वाढले ही चांगली गोष्ट आहे. पण मंदीत मागणी अचानक वाढते. त्या वेळी निधीची रेघ आधीच ओढलेली असेल तर १२५ हा आकडा मजुराच्या कामाचा नाही.

कार्यकर्त्यांनी काय करावे?

१. मागणी लेखी करा. तोंडी मागितलेल्या कामाची कुठेच नोंद होत नाही. २००५ च्या कायद्यानुसार महाराष्ट्रात नमुना ४ मध्ये अर्ज करायचा आणि तारखेसह पोच घ्यायची, अशी पद्धत आहे. ग्रामपंचायत पोच देत नसेल तर तहसील किंवा पंचायत समितीत अर्ज द्या.

२. १५ दिवस मोजा. या मुदतीत काम मिळाले नाही तर बेकारी भत्त्याचा हक्क तयार होतो. २००५ च्या कायद्यात तो पहिल्या ३० दिवसांसाठी मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा होता. पोच नसेल तर हा हक्क सिद्ध करता येत नाही.

३. ग्रामसभेत कामांची यादी आधीच मंजूर करून घ्या. शेल्फवर कामे नसतील तर मागणी असूनही काम निघत नाही.

४. हजेरीपट तपासा. कामावर जेसीबी आणि हजेरीपटावर मजुरांची नावे दिसली तर लगेच लेखी तक्रार करा.

५. उचल घेण्याआधी मागणी करा. भाद्रपदात वस्तीत बैठक घ्या आणि ऊसतोडीला निघण्याच्या बेतात असलेल्या कुटुंबांचे अर्ज एकत्र भरा.

६. कारखान्यातल्या तरुणांना त्यांचा विमा क्रमांक विचारा. तो नसेल तर नोंदणीचा प्रश्न आत्ताच उचला. कारखाना बंद पडल्यावर उशीर झालेला असतो.

सरकारे योजनेचे नाव बदलतात, दिवसांचा आकडा बदलतात. मजुराच्या हातातली तारखेची पोच मात्र सरकारला उत्तर द्यायला लावते. एका वस्तीतून चाळीस अर्ज गेले तर त्या वस्तीची बेकारी सरकारी दप्तरात उमटते. अर्जच गेले नाहीत, तर तालुक्यात बेकार कोणी नाही, असे उत्तर मिळते.