आज्ञावलींचें कूळ

एकदां केलेलें काम पुन्हा करूं नये, हें सूत्र कोणाही कारागिराला शिकवावें लागत नाहीं. संगणकाच्या आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, रचणारांना मात्र तें आचरणांत आणणें फार जड गेलें. त्याचें कारण आळस नसून त्या सूत्राचा उथळ अर्थ होय, असें आम्हांस वाटतें.

१९६८ सालीं पश्चिम जर्मनींतील गार्मिश येथें 'नाटो'नें भरविलेल्या परिषदेंत डग्लस मॅकिलरॉय यांनीं असा विचार मांडला कीं, इतर उद्योगांत सुटे भाग जसे तयार मिळतात, तसे सॉफ्टवेअरचेही भाग कारखानदारीच्या पद्धतीनें निर्माण व्हावेत. परंतु भागांनीं वखार भरली म्हणजे यंत्र उभें राहतें असें नाहीं. १९७६ सालीं डेव्हिड पार्नास यांनीं आज्ञावलींच्या कुळाची कल्पना विशद केली: प्रथम सर्वांतील साम्य अभ्यासावें, आणि मग एकेकीचा विशेष ठरवावा.

या कल्पनेचें सामर्थ्य स्वीडनमध्यें दिसून आलें. पुढें सेल्सियसटेक या नांवानें ओळखल्या गेलेल्या संस्थेकडे १९८५ च्या अखेरीस स्वीडिश व डॅनिश आरमारांचीं दोन मोठीं कामें एकदमच आलीं. दोन्ही निरनिराळीं पार पाडण्याइतकें बळ तिच्यापाशीं नव्हतें. तेव्हां तिनें सर्व नौकांसाठीं एकच आराखडा आंखला, प्रत्येकीचा वेगळेपणा कोठें सामावावा हें आधींच ठरविलें, आणि त्यास अनुसरून आपल्या कामकाजाची घडीही बदलली. पूर्वीं खर्चांत यंत्रसामग्री ३५ तर सॉफ्टवेअर ६५ असें प्रमाण पडे. तें पुढें ८० व २० झालें.

याच्या उलट प्रकार ४ जून १९९६ रोजीं घडला. युरोपचा 'आरियान ५' हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणांत सुमारें ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिशादर्शक उपकरणांतील आज्ञावली 'आरियान ४'वरून घेतलेली होती. नव्या बाणाचा आडवा वेग अधिक झपाट्यानें वाढला, आणि त्या वेगाशीं निगडित आंकडा ठरविलेल्या जागेंत मावेना. राखीव उपकरणांतही तीच आज्ञावली असल्यामुळें दोन्ही उपकरणें बंद पडलीं. विशेष हें कीं, ज्या भागांत हा बिघाड झाला, त्याचें उड्डाणानंतर या बाणाला कांहींच प्रयोजन नव्हतें.

जुन्या बाणावर हीच आज्ञावली बिनचूक चालली होती. नव्या बाणाकडे आज्ञा आल्या. वेग अमुक मर्यादेंतच राहील हें त्यांमागील गृहीत मात्र कोणीं पुन्हा तपासलें नाहीं. म्हणून पुनरुपयोग करूं इच्छिणाऱ्या संस्थेनें आज्ञांइतकीच गृहीतांचीही नोंद राखावी, आणि तीं प्रत्येक नव्या कामीं पडताळून पाहण्याची जबाबदारी कोणावर तरी निश्चित सोंपवावी.