फोटोच्या मागची बाजू

"रायपूरच्या जुन्या दिवसांवर काहीतरी लिहा आणि चार फोटोही द्या," असा आग्रह संपादक मंडळाने केला, तेव्हा फोटो द्यायला मी लगेच तयार झालो, लिहायला मात्र बरीच का-कू केली. मी लेखक नाही आणि इतिहासाचा अभ्यासक तर मुळीच नाही. पस्तीस वर्षे वीज मंडळात नोकरी केली आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात कॅमेरा अडकवून गावभर हिंडलो, एवढीच माझी पात्रता. पण या हिंडण्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती आपल्या मंडळींच्या उपयोगी पडेल, म्हणून हे चार शब्द.

आमचे आजोबा रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून इकडे आले आणि इकडचेच झाले. आपल्यापैकी पुष्कळांची कहाणी अशीच असेल. कोणाचे पूर्वज त्याही आधी, भोसल्यांच्या अमदानीत आले. १७४१ साली भास्करपंतांची स्वारी छत्तीसगडात आली. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपूरला राहून कारभार केला. १८१८ नंतर इंग्रजांच्या देखरेखीखाली कारभाराचे ठाणे रायपूरला हलले आणि हे गाव वाढू लागले. एवढा इतिहास पुस्तकात मिळतो. तात्यापाऱ्यात सकाळी दूध कोण घालायचे आणि गोलबाजारात कोथिंबिरीची जुडी कोण विकायचे, हे मात्र कुठल्याही गॅझेटियरात सापडत नाही.

१९७२ साली वडिलांनी मला आग्फाचा क्लिक थ्री घेऊन दिला. १२० नंबरचा रोल आणि त्यात मोजून बारा फोटो. घरच्यांच्या दृष्टीने कॅमेरा मुंज, लग्न आणि बारशासाठी. मी रोलमधले चार-पाच फोटो चहाच्या टपरीवर आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानावर उडवून येई. आई म्हणायची, "अरे, घरात माणसं काय कमी आहेत? रस्त्यावर कशाला रोल वाया घालवतोस?" याचे उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हते.

ही हौस मराठी माणसाला नवी नाही, हे मला फार उशिरा कळले. फोटोची कला १८३९ साली जगापुढे आली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झालीसुद्धा. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या कार्यकारिणीवर होते. व्यवसाय डॉक्टरकीचा आणि हौस कॅमेऱ्याची. १८५६ पासून जॉन्सन आणि हेंडरसन या दोघांनी मुंबईतून हिंदुस्थानातल्या हौशी छायाचित्रकारांसाठी एक मासिक आल्बमच काढला. त्यात अस्सल फोटो चिकटवलेले असत. मुंबईची माणसे, त्यांचे पोशाख आणि धंदे त्यात पाहायला मिळतात. आपले राजा दीनदयाळही सुरुवातीला इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे काढण्याच्या नोकरीत होते. फोटोग्राफी त्यांनी नोकरी सांभाळूनच सुरू केली. तेव्हा नोकरदार मंडळींनी हिरमुसायचे कारण नाही!

त्या जुन्या आल्बममधली एक गोष्ट मात्र मनात टोचते. चेहरे अगदी स्पष्ट आहेत, पण खाली जात किंवा धंदा लिहिलेला. माणसाचे नाव बहुधा नाहीच. हे वाचून मी साहेबाला नावे ठेवली. तोच दोष माझ्याही पेटीत भरून ठेवला आहे, याचा तेव्हा पत्ता नव्हता.

नोकरी लागल्यावर सेकंडहँड यशिका घेतला आणि रोल घरीच धुवायला लागलो. डेव्हलपरचे पाणी साधारण २० अंशांवर असावे असे पुस्तकात लिहिलेले, आणि आपल्या रायपूरच्या मे महिन्यात नळालाच गरम पाणी! मग रात्री अकरानंतर न्हाणीघराच्या खिडकीला काळी चादर लावायची आणि डेव्हलपरचे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवायचे. बर्फ भांड्याच्या आत जाता कामा नये, नाहीतर द्रावण पातळ होते. त्यानंतर हायपो आणि शेवटी भरपूर पाण्यात धुणे. सकाळी दोरीवर कपड्यांशेजारी निगेटिव्ह वाळत. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरे, म्हणून कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह बिस्किटांच्या डब्यात राही. घरात बिस्किटे संपण्याची वाट पाहणारा मी एकटाच असेन.

फोटो कशाचे? आपल्या तलावांचे पुष्कळ. सप्रे शाळेच्या बाजूने बूढा तलावाच्या काठावर सकाळी कपडे धुणाऱ्या बायका. कंकाली तलावाच्या मधोमध महादेवाचे मंदिर आहे. एरवी ते पाण्याखाली असते आणि पाणी उतरले की वर दिसू लागते. तसा एक उन्हाळा मला सापडला, तेव्हा पायऱ्यांवर सारा मोहल्ला लोटला होता. तेलीबांध्याचा तलाव आज 'मरीन ड्राइव्ह' म्हणून ओळखला जातो आणि संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. माझ्या फोटोत मात्र तिथे काठाला लागून झोपड्या आहेत आणि म्हशी डुंबत आहेत. २००० साली राज्य झाले, रायपूर राजधानी झाली आणि रस्ते इतके भराभर बदलले की माझेच काही फोटो कुठल्या चौकातले हे आता मला ओळखता येत नाही.

सर्वांत जास्त रोल खर्च झाले ते छोट्या रेल्वेवर. अडीच फूट रुंदीची ही लाईन १९०० साली धमतरीपर्यंत सुरू झाली आणि अभनपूरहून तिचा एक फाटा राजिमला गेला. धमतरीकडचे लाकूड आणि धान आणायला तिचा उपयोग झाला, पण आम्ही पाहिली ती भाजीवाल्यांची, शाळकरी पोरांची आणि राजिमच्या जत्रेकरूंची गाडी. पहाटेच्या गाडीने बाया भाजीचे टुकने घेऊन येत, बाजारात पसरा मांडत आणि संध्याकाळी रिकाम्या टुकन्यात मीठ-तेल घालून परतत. २०१७ साली तेलीबांधा ते केंद्री हा भाग बंद झाला आणि रुळांच्या जागी एक्स्प्रेस वे आला. २०२५ साली अभनपूरपर्यंत मोठी गाडी सुरू झाली, तीही मंदिर हसौदकडून, दुसऱ्या वाटेने. सोय झाली हे खरेच, पण गावाच्या मधून जाणारी ती शिट्टी गेली ती गेलीच.

आता ती चूक सांगतो. छोटी लाईन बंद झाल्याच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१८ साली, आपल्या उत्सवात मंडपाच्या एका बाजूला मी तिचे वीस फोटो मोठे करून लावले होते. माझ्या जुन्या ऑफिसात नव्याने लागलेला एक छत्तीसगडी मुलगा आरतीला आला होता. अभनपूरकडचा. एका फोटोपुढे तो बराच वेळ उभा राहिला. त्यात चार बाया फलाटावर टुकने घेऊन गाडीची वाट पाहत आहेत. तो म्हणाला, "अंकल, मोर डोकरी दाई घलो इही गाड़ी म आवत रिहिस." त्याची आजीही याच गाडीने भाजी आणायची. ती वारली होती आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. यातली एखादी बाई कोणत्या गावची, तिचे नाव काय, असे त्याने मला विचारले.

मी फोटो उलटा केला. मागे माझ्याच अक्षरात लिहिले होते, 'छोटी रेल, १९८४'. बस्स.

त्याने मोबाईलवर फोटो काढून घरी पाठवला. वडिलांचा निरोप आला, "डावीकडून दुसरी आईच असावी." आत्या म्हणाली, नाही. आईच्या उजव्या मनगटावर गोदना होता, तो दिसला तरच सांगता येईल. फोटोत ते मनगट नेमके टुकन्याखाली गेलेले! चार दिवस त्या घरात चर्चा चालली आणि शेवटी निर्णय झालाच नाही. मी त्याला प्रत काढून दिली. "आजीचा नसला तरी आजीच्या गाडीचा आहे," असे म्हणून त्याने ती नेली.

मला त्या रात्री झोप आली नाही. कारण तो फोटो काढल्याची आठवण मला स्वच्छ होती. त्यातल्याच एकीने मला हटकले होते, "काबर फोटू खींचथस बाबू?" आणि मी हसून "ऐसे ही, दाई" म्हणून पुढे सरकलो होतो. तेव्हा नाव-गाव विचारले असते तर अर्धा मिनिट लागला असता. छिद्र आणि शटर किती ठेवले ते मी वहीत टिपून ठेवले होते. माणसाचे नाव टिपावे असे मात्र सुचले नाही.

शिकागोत व्हिव्हियन मायर नावाची एक बाई लोकांची मुले सांभाळायची आणि रस्त्यावरचे फोटो काढायची. २००७ साली तिच्या सामानाच्या पेट्या लिलावात गेल्या आणि त्यात लाखभर निगेटिव्ह निघाल्या. कित्येक रोल तर धुतलेलेही नव्हते. २००९ मध्ये ती वारली आणि जगभर नाव झाले ते त्यानंतर. आता त्या चेहऱ्यांबद्दल तिला विचारायची सोय उरलेली नाही. आपल्या घरांतल्या ट्रंकांचे याहून वेगळे काय होणार आहे?

म्हणून माझी एक नम्र विनंती. या उत्सवाच्या सुट्टीत जुना आल्बम काढा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा. प्रत्येक फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, फार न दाबता, नाव, गाव आणि वर्ष लिहा. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाईही पसरते. आत्यांची, काकांची नावे लिहाल तशीच मोलकरीण, रिक्षावाला आणि मंडपाचे बांबू बांधणारा यांचीही लिहा. मोबाईलमधल्या फोटोंचे तेच. निदान दर वर्षीचे दहा फोटो कागदावर छापून घ्या.

मीही कामाला लागलो आहे. एकूण पेट्या अकरा, त्यांपैकी चार झाल्या. आपल्या उत्सवाच्या १९८० नंतरच्या फोटोंत पुष्कळ चेहरे अजून बिननावाचे आहेत. या वर्षी मंडपात आरतीनंतर मी ती पाकिटे आणि पेन्सिल घेऊन बसणार आहे. ज्यांना कोणी ओळखू येईल त्यांनी जरूर यावे. चष्मा विसरू नये.