कै. केतकरांचा ‘ब्रह्मा’ ग्रह

प्लूटोचा शोध प्रथम एका महाराष्ट्रीयानें लाविला, असें विधान आपल्याकडे मधूनमधून अभिमानानें केलें जातें. त्यांत तथ्य किती व अतिशयोक्ति किती हें तपासणें अवश्य आहे. कारण अवास्तव स्तुतीनें ज्याची स्तुति करावयाची त्याचेंच खरें कर्तृत्व झांकलें जातें.

कै. व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हे पेशानें शाळाशिक्षक. वेधशाळेचा आश्रय त्यांस कधीं लाभला नाहीं. होता तो केवळ गणिताचा व्यासंग. युरोपांतील वेधांवरून सिद्ध झालेले अंक त्यांनीं ‘ज्योतिर्गणितम्’ या संस्कृत ग्रंथांत उतरविले. फ्रान्सच्या ज्योतिषसंस्थेच्या मुखपत्रांत त्यांचा प्रस्तुत लेख मे १९११ मध्यें प्रसिद्ध झाला. गुरूच्या तीन उपग्रहांच्या गतींत लाप्लासनें जो संबंध दाखविला होता, त्याच धर्तीवर त्यांनीं नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह कल्पिले. पृथ्वीचें सूर्यापासूनचें अंतर १ मानिल्यास ‘ब्रह्मा’ ३८.९५ अंतरावर असून त्याचा प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षें, ‘विष्णु’ ५९.५७३ अंतरावर, काल ४५८.०८८ वर्षें.

पुढें फेब्रुवारी १९३० मध्यें अमेरिकेंतील लॉवेल वेधशाळेंत क्लाइड टॉम्बॉ यास छायाचित्रांच्या तुलनेंत प्लूटो सांपडला. (हा तरुणहि शेतकऱ्याचा मुलगा; घरीं स्वहस्तें दुर्बिणी बनविणारा.) प्लूटोचें मध्यम अंतर सुमारें ३९.५ व काल सुमारें २४८ वर्षें. ‘ब्रह्मा’शीं हा मेळ विस्मयकारक खरा. त्याच वर्षीं केतकर निवर्तले.

परंतु प्लूटोचा शोध केतकरांच्या अंकांवरून लागला नाहीं. आणि ‘विष्णु’सारखा ग्रह तर आढळलाच नाहीं. प्लूटोचा उपग्रह १९७८ सालीं सांपडल्यावर प्लूटोचें वस्तुमान पृथ्वीच्या सुमारें पांचशेंव्या हिश्श्याइतकें ठरलें व २००६ सालीं त्याची गणना खुजा ग्रह म्हणून झाली. तेव्हां हा मेळ आमच्या मतें योगायोगच होय. लॉवेलच्या भाकिताविषयींहि विद्वानांचा निर्णय हाच आहे. केतकरांस निराळा न्याय लावण्याचें कारण नाहीं. मात्र एक गोष्ट नमूद केली पाहिजे. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तों प्लूटोच्या दोन होतात, हा संबंध १९६५ सालीं सिद्ध झाला. केतकरांच्या अंकांवरून हें प्रमाण नेमकें निघत नाहीं. तरी दूरच्या ग्रहांच्या गतींत पूर्णांकांचे संबंध धुंडाळण्याची त्यांची दिशा अगदींच निराधार नव्हती.

त्यांचें चिरस्थायी कार्य पंचांगांत आहे. राशिचक्राचा आरंभ रेवतीच्या योगतारेपासून धरावा, असा केरो लक्ष्मण छत्रे व लो. टिळक यांचा पक्ष. चित्रा तारेच्या समोरच्या बिंदूपासून धरावा, असा केतकरांचा. दोहोंत सुमारें चार अंशांचें अंतर पडतें, व त्यामुळें अधिकमासहि कधींकधीं निराळे येतात. टिळकांसारख्या लोकनायकाच्या मतापुढेंहि केतकर ढळले नाहींत. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांगसुधारणा समितीनें १९५५ च्या अहवालांत २१ मार्च १९५६ साठीं २३ अंश १५ कला हा अयनांश स्वीकारला, तो चित्रापक्षाचाच होय.