कुळकथा रायबोसोमची

पेशीत प्रथिनं नेमकी कुठे घडतात, याचा पत्ता बराच काळ लागत नव्हता. १९५५ साली न्यूयॉर्कला जॉर्ज पॅलेड यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या बारीकशा कणांचं वर्णन छापलं. प्रथिनं घडवणाऱ्या या कणांना रायबोसोम हे नाव मिळालं १९५८ मध्ये. त्याच १९५५ साली बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात जीवरसायनशास्त्राचा विभाग सुरू झाला. तो सांभाळायला सी. व्ही. रामकृष्णन सहकुटुंब आले, तेव्हा मुलगा वेंकटरामन तीन वर्षांचा होता.

मुलाने वडिलांचा विषय घेतला नाही. १९७१ ची बडोद्याची पदवी भौतिकशास्त्राची, ओहायोतली पीएच.डी.ही त्याचीच. ती हाती असताना त्यांनी पुन्हा पहिल्यापासून जीवशास्त्र शिकायला घेतलं. मग येलमध्ये पीटर मूर यांच्याकडे रायबोसोमची गाठ पडली, ती सुटलीच नाही.

जिवाणूचा रायबोसोम जेमतेम २० नॅनोमीटरचा, पण आरएनए आणि पन्नासावर प्रथिनं यांचा दोन तुकड्यांत जुळलेला डोलारा. त्याची रचना उलगडायला स्फटिक हवेत, पण एवढ्या वेड्यावाकड्या वस्तूचे ते बनणारच नाहीत, असं जाणकार म्हणत. इस्रायलच्या आदा योनाथ यांनी १९८० च्या सुमारास ते बनवून दाखवले. उष्ण झऱ्यांत आणि मृत समुद्रात तग धरणाऱ्या सूक्ष्मजीवांचे रायबोसोम या कामी आले. २००० साली थॉमस स्टाइट्झ यांच्या गटाने मोठ्या तुकड्याची रचना उलगडली, तर केंब्रिजला वेंकटरामन रामकृष्णन यांच्या आणि जर्मनीत योनाथ यांच्या गटाने लहान तुकड्याची. २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल तिघांना विभागून मिळालं. तेव्हा भारतातून आलेल्या ई-मेलच्या लोंढ्याने रामकृष्णन वैतागले आणि तसं बोलूनही गेले. आपल्याकडे काहींना ते झोंबलं. मला तो वैताग रास्त वाटतो.

मला जास्त मोलाचं वाटतं ते मोठ्या तुकड्यात सापडलेलं. जिथे एक अमिनो आम्ल दुसऱ्याला जोडलं जातं, त्या जागी प्रथिन नाहीच. जोडणी आरएनए करतो. प्रथिनं रायबोसोम घडवतो आणि रायबोसोममध्ये प्रथिनं असतात, मग आधी कोण, हा जुना पेच इथे बराच सैल झाला. मूळपुरुष आरएनए असावा. प्रथिनं मागून येऊन त्याला बिलगली असावीत. म्हणजे हे कूळ आजच्या कुठल्याही प्राण्या-वनस्पतीपेक्षा फार जुनं.

जिवाणूंचा रायबोसोम आपल्याहून थोडा निराळा असतो आणि कित्येक प्रतिजैविकं नेमका तेवढा फरक हेरतात. गज्जर, कोटिभास्कर आणि अमीन यांनी १९०७ मध्ये बडोद्यात काढलेल्या अलेम्बिक या औषध कंपनीची ‘अल्थ्रोसिन’ गोळी घरोघरी ठाऊक आहे. तिच्यातलं एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक मोठ्या तुकड्यातल्या बोगद्यात अडकून बसतं, त्यामुळे बाहेर पडू पाहणारी प्रथिनाची साखळी वाटेतच तुंबते. ते तिथे कसं बसतं, हे अणूंच्या पातळीवर दिसलं २००१ मध्ये. तोवर डॉक्टर ते जवळजवळ अर्धशतक देत आले होते.