समानार्थी शब्द आणि शास्त्रज्ञांची भाषा

‘समानार्थी शब्द लिहा’ हा प्रश्न शालेय परीक्षेपासून स्पर्धापरीक्षेपर्यंत कोणालाही चुकलेला नाही. मराठीच्या पेपरात तो असतो, इंग्रजीच्या पेपरातही असतो. एक शब्द, एक गुण आणि पुढचा प्रश्न. या प्रश्नातून विद्यार्थ्याच्या मनात एक समज घट्ट बसतो, तो असा की दोन शब्द समानार्थी आहेत म्हणजे एकाच्या जागी दुसरा खुशाल ठेवावा. कवितेत असे केल्याने एखादी ओळ बिघडते. विज्ञानात मात्र त्यामुळे ज्ञानच बिघडते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तर अशा एका पर्यायाच्या मागे माणसांच्या जिवाचा प्रश्न उभा आहे. म्हणून या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा, असे आम्हांस वाटते.

समानार्थी शब्द पाठ करण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. अमरसिंहाचा ‘नामलिंगानुशासन’ अर्थात अमरकोश हा तीन कांडांचा पद्यकोश. पाठशाळेतला विद्यार्थी तो अर्थ कळण्याआधीच मुखोद्गत करी. अग्नीला वह्नी, पावक, अनल असे शब्द सापडले की वृत्तात हवा तो शब्द बसवता येई. या कोशाचे प्रयोजन मुख्यतः काव्याचे आणि व्याकरणाचे होते. तेथे पर्यायांची विपुलता हे वैभव होते.

इंग्रजीत असा सर्वांत प्रसिद्ध कोश झाला तो १८५२ साली, पीटर मार्क रॉजे यांचा ‘थिसॉरस’. तो साहित्यिकाने केलेला नाही, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांना क्वचितच सांगितली जाते. रॉजे हे वैद्यक शिकलेले, शरीरक्रियाशास्त्रावर ग्रंथ लिहिणारे आणि १८२७ ते १८४८ या काळात लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव होते. वनस्पतींची आणि प्राण्यांची वर्गवारी करावी तशी त्यांनी कल्पनांची वर्गवारी केली आणि प्रत्येक कल्पनेखाली शब्द मांडले. आपल्या प्रस्तावनेत त्यांनी अमरकोशाचाही उल्लेख केला आहे. कोलब्रुकने केलेला त्याचा अनुवाद १८०८ साली श्रीरामपूर येथे छापला गेला होता. रॉजे यांना त्यातील वर्गवारी सदोष वाटली. हा अभिप्राय आपल्याला रुचो वा न रुचो, त्यातला दृष्टिभेद महत्त्वाचा आहे. अमरकोशाने शब्दांचे कुल सांगितले. रॉजे यांना एका कुलातील प्रत्येक शब्दाची नेमकी जागा शोधायची होती, कारण लिहिणाऱ्याला अनेक शब्द सुचले तरी त्यांतला एकच योग्य असतो.

शास्त्रज्ञ या शब्दाचीच कथा घ्या. इंग्रजीत ‘सायंटिस्ट’ हा शब्द १८३३ पूर्वी नव्हता. त्याआधी ‘नॅचरल फिलॉसॉफर’ किंवा ‘मॅन ऑफ सायन्स’ असे म्हणत. विल्यम ह्यूएल यांनी केंब्रिज येथील एका विद्वत्सभेत हा नवा शब्द सुचवला आणि १८३४ साली तो छापून आला. अनेकांना तो ओबडधोबड वाटला आणि रुळायला बराच काळ लागला. तथापि तो केवळ जुन्या शब्दाचा पर्याय नव्हता. तत्त्वज्ञ वेगळा आणि प्रयोग करणारा वेगळा, अशी रेषा त्याने आखली. याच ह्यूएल यांनी मायकेल फॅरडे यांना ‘अॅनोड’, ‘कॅथोड’ आणि ‘आयन’ हे शब्द सुचवले. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यांतील पहिल्या दोघांना धनाग्र आणि ऋणाग्र असे प्रतिशब्द मिळाले. ‘आयन’ तसाच राहिला, आणि तो परका वाटतही नाही. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘जाणारा’. आपल्या ‘अयन’ या शब्दातही जाण्याचाच धातू आहे.

मराठीत याच सुमारास वेगळे नाट्य घडत होते. ज्ञानी माणसाला आपल्याकडे शास्त्री म्हणत. १८३२ साली ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर स्वतः शास्त्री होते. १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून त्यांनी पाश्चात्त्य विद्या मराठीत आणली. धर्मशास्त्र जाणणारा आणि खगोल-गणित शिकवणारा असे दोघेही त्या एका नावात मावत होते. पुढे ते मावेनात. शास्त्री हा शब्द जुन्या विद्येकडे राहिला आणि नव्या विद्येसाठी शास्त्रज्ञ हा शब्द रूढ झाला. हिंदीने वैज्ञानिक पत्करला. मराठीत वैज्ञानिक हे बहुधा विशेषणच राहिले. संशोधक म्हणजे तर विज्ञानाबाहेरचाही. आज विद्यार्थी हे चारही शब्द एका ओळीत समानार्थी म्हणून लिहितो. वास्तविक त्या चार शब्दांत दोनशे वर्षांचा विद्याव्यवहार विखुरलेला आहे.

प्रतिशब्द घडवण्याचे काम मराठीत एका हाताने झाले नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आणि त्याची सुधारित आवृत्ती १८५७ साली निघाली. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांनी ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे प्रचंड काम केल्यानंतर १९४८ साली ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ दिला. त्याच दशकात आमच्या विदर्भाच्या राजधानीत, नागपुरात, डॉ. रघुवीर हे संस्कृत धातूंवरून हजारो पारिभाषिक शब्द घडवत होते. यवतमाळ तेव्हा मध्यप्रांत आणि वऱ्हाडात मोडत असे, म्हणजे हा प्रयोग आमच्याच प्रांताच्या राजधानीत चालला होता. त्यांच्या शब्दांत ऑक्सिजन हा जारक, हायड्रोजन हा उदजन, नायट्रोजन हा भूयाति आणि कार्बन हा प्रांगार. व्युत्पत्तीच्या दृष्टीने या शब्दांत दोष काढणे कठीण. परंतु ते जिभेवर आले नाहीत. १९६१ साली स्थापन झालेल्या केंद्रीय वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाने मूलद्रव्यांची नावे, एकके अशा आंतरराष्ट्रीय संज्ञा तशाच ठेवण्याचे तत्त्व स्वीकारले, ते शहाणपणाचे ठरले.

मात्र या सगळ्या खटपटीचा अवशेष म्हणून एकाच वस्तूची अनेक नावे शिल्लक राहिली. यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या घरी वाढलेला विद्यार्थी हे रोज अनुभवतो. कृषी खात्याच्या पत्रकात नत्र, स्फुरद आणि पालाश असते. शाळेच्या पुस्तकात नायट्रोजन, फॉस्फरस आणि पोटॅशियम असते. खताच्या पोत्यावर एन-पी-के असते, आणि घरात युरिया नि डीएपी. त्यातच अनेकांच्या घरची बोली वऱ्हाडी, गोंडी, कोलामी किंवा बंजारा. दहावीपर्यंत मराठीत विज्ञान शिकून अकरावीला तो इंग्रजीत बसतो, तेव्हा इंग्रजी कच्चे असल्याचा शिक्का त्याच्यावर बसतो. वास्तविक एका गोष्टीला पाच नावे असतात, आणि कोणते नाव कोठे चालते, हे ज्ञान त्याच्याकडे इतरांपेक्षा अधिक असते. त्याचा उपयोग करून घेतला जात नाही, एवढेच.

तो कसा करता येईल? इंग्रजी भाषेलाही दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावर घरगुती शब्द, वरच्या मजल्यावर लॅटिन-ग्रीकमधून आलेले विद्यापीठीय शब्द. दाताला ‘टूथ’, पण दातासंबंधी ते ‘डेंटल’. हृदयाला ‘हार्ट’, पण हृदयासंबंधी ते ‘कार्डिअॅक’. मराठीतही असेच आहे. दात दुखतो, पण वैद्य दंतवैद्य असतो. डोळा येतो, पण तपासणी नेत्रांची होते. तद्भव घरात आणि तत्सम ग्रंथात, ही विभागणी मराठी विद्यार्थी न शिकवता जाणतो. दंत आणि ‘डेंटल’, हृदय आणि ‘कार्डिअॅक’ हे तर मुळात एकाच घराण्यातले शब्द. वरच्या मजल्यावरचे इंग्रजी शब्द स्वतंत्र यादी करून घोकण्याऐवजी आपल्या तत्सम शब्दांच्या शेजारी बसवले, तर ते परके राहत नाहीत.

पण मजला कळणे ही अर्धीच गोष्ट झाली. शास्त्रज्ञाच्या भाषेत त्याहून महत्त्वाची असते ती पायरी. रोजच्या बोलण्यात चाल आणि वेग एकच. भौतिकशास्त्रात वेगाला दिशा असते, चालीला नसते. वजन आणि वस्तुमान, उष्णता आणि तापमान, बल, शक्ती आणि ऊर्जा यांचेही तसेच. क्रियापदांत हा भेद आणखी सूक्ष्म होतो. ‘सिद्ध होते’, ‘दिसून येते’, ‘सूचित होते’, ‘संभवते’ या चार क्रियापदांना इंग्रजीत ‘प्रूव्ह’, ‘शो’, ‘सजेस्ट’ आणि ‘मे बी’ असे जवळचे शब्द आहेत. संशोधन-निबंध लिहिणारा यांतले कोणते निवडतो, त्यावर त्याचा पुरावा किती भक्कम आहे हे वाचकाला कळते. जो या चारही शब्दांना समानार्थी मानतो त्याचे इंग्रजी अशुद्ध नसेलही, पण त्याचे विज्ञान अविश्वसनीय होते.

आता ज्या पर्यायाचा उल्लेख आरंभी केला, त्याकडे येतो. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. कारणे अनेक होती. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, अनेक कीटकनाशके एकत्र मिसळली जात होती, अंगावर संरक्षक कपडे नव्हते, फवारणी तासन्‌तास चाले. केवळ शब्दामुळे कोणी मेले, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. तरीही फवारणीच्या या द्रवाला आपण सगळे काय म्हणतो, हे पाहण्यासारखे आहे. आपण त्याला औषध म्हणतो. दुकानात औषध, शेतात औषध, घरात कोपऱ्यात ठेवलेले औषध. वऱ्हाडात दवाईही म्हणतात. वृत्तपत्रे तर शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या बातमीत ‘विषारी औषध प्राशन करून’ असे सर्रास छापतात. ओषधी म्हणजे मुळात वनस्पती, त्यापासून झालेले ते औषध. ज्या शब्दाने बरे होण्याची आशा दिली, तोच शब्द मारणाऱ्या वस्तूला लागला आणि वापराने त्याची धार बोथट झाली.

बाटलीवरचा मजकूर मात्र वेगळी भाषा बोलतो. १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम यांनुसार प्रत्येक बाटलीवर कोपऱ्यावर उभा केलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग आणि वरच्या भागात इशारा. लाल रंगावर कवटीचे चिन्ह आणि ‘पॉयझन’, पिवळ्यावर ‘पॉयझन’, निळ्यावर ‘डेंजर’, हिरव्यावर ‘कॉशन’. शब्दकोश उघडला तर विष, धोका आणि सावधगिरी यांत सहज नाते दिसेल. येथे मात्र त्यांच्यामागे मोजमाप आहे. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात, ती मात्रा शरीराच्या दर किलो वजनाला १ ते ५० मिलिग्रॅम असेल तर लाल, ५१ ते ५०० असेल तर पिवळा, ५०१ ते ५००० असेल तर निळा आणि त्याहून अधिक असेल तर हिरवा. अगदी इंग्रजी येणाऱ्यालाही हे शब्द नुसते भीतीचे पर्याय वाटतील. ते वास्तविक एका पट्टीवरच्या खुणा आहेत. त्या चौकोनाशेजारी बारीक अक्षरांत अनेक भाषांतला मजकूर असतो. तो शेतात कोणी वाचत नाही, आणि ‘औषध’ हा एकच शब्द त्या चारही रंगांना पुरतो.

शास्त्रज्ञांनी पायऱ्या आखल्या, कोशकारांनी प्रतिशब्द दिले, पण दोहोंमधले अंतर चालून जाण्याचे काम वर्गात व्हायचे असते. ते भाषेच्या अध्यापकांचे आहे, आणि विज्ञानाच्या अध्यापकांवर सोडून देता येत नाही, असे आमचे मत आहे. प्रश्नपत्रिकेतला तो एका गुणाचा प्रश्न राहू द्यावा. मात्र त्याला एक पोटप्रश्न जोडावा: हे दोन शब्द कोठे एकमेकांच्या जागी चालत नाहीत, ते सांगा. वेग आणि चाल येथे चालतील, ‘सिद्ध’ आणि ‘सूचित’ येथे चालतील, आणि यवतमाळात तरी औषध आणि विष हा जोड आधी विचारला जावा.